राखणदाराचे नाव आणि बिरुद कसे घडवावे

मराठी फँटसीत रक्षक पात्र आले की नावाच्या जागी बहुतेक दोनपैकी एक प्रकार दिसतो. एक तर 'महारक्षक', 'वनरक्षक', 'द्वाररक्षक' अशी नुसती कामाची पाटी, नाहीतर 'झोर्थ्रॅक'सारखे काहीतरी, ज्याला 'ने', 'ला', 'चा' लावताना जीभ अडखळते. खरे तर या कामासाठी मराठीत तयार सामग्री भरपूर आहे. राखणदाराला हाक कशी मारायची, त्याला कोणता मान द्यायचा, त्याचे नाव कधी घ्यायचे नाही, याची शिस्त गावच्या वेशीपासून शिलाहार राजांच्या ताम्रपटांपर्यंत सगळीकडे सापडते. ती शिस्त घेऊन नवे, कोणाचे न उचललेले नाव कसे बांधायचे ते पाहू.

आधी करार लिहा

राखणदार हा करारातून जन्मतो. म्हणून नाव सुचण्याची वाट पाहण्याआधी कागदावर पाच ओळी लिहाव्यात: तो नेमके काय राखतो आणि हद्द कुठे संपते, कोणापासून राखतो, कोणाच्या हुकमावरून, मोबदला काय, आणि चुकला तर काय होते. या पाच ओळींत ज्या वस्तू, जागा आणि वेळा येतील त्यांतूनच नावाचे धातू निघतात.

सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या चपला आणि केळी वाहतात. तो रात्री गावाची फेरी मारतो, त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. एका नवसात काम, वेळ, हद्द आणि मोबदला असे सगळे आले. आपल्या पात्राला वाहिली जाणारी वस्तू ठरवली की बिरुद अर्धे तयार होते. काळभैरवाला काशीचा कोतवाल म्हणतात, तिथेही तसेच. या एका शब्दातून त्याचे शहर कळते, अधिकार कळतो, आणि त्याच्यावर कोणी राजा आहे हेही कळते.

हद्द जितकी नेमकी, तितके नाव धारदार. 'जंगलाचा रक्षक' यातून काही निघत नाही. 'ओढ्याच्या उतारापासून तिसऱ्या वडापर्यंतचे रान' म्हटले की ओढा, उतार, वड, तीन असे चार धागे हाती येतात. मराठीत हद्दीच्या शब्दांची रेलचेल आहे: शीव, वेस, गावकूस, पांढरी (वस्तीची जमीन), काळी (कसायची जमीन), माळ, खिंड, घाटमाथा, पाणवठा, डोह, देवराई. गडावर कथा असेल तर महादरवाजा, दिंडी, चोरदिंडी, माची, तट, बुरूज, आणि दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांनी बसायची देवडी. 'देवडीचा धनी' किंवा 'चोरदिंडीची राखण' यांत जागा डोळ्यांपुढे येते. 'महाद्वाररक्षक' म्हटल्यावर कुठलाच दरवाजा दिसत नाही.

इथे एक सापळा आहे. हद्द या अर्थाच्या 'शीव'पासून 'शिवपाल' केले तर वाचक शंकराकडे जाणार. म्हणून तो शब्द समासात न घालता षष्ठीत ठेवावा: 'शिवेचा धनी', 'शिवेवरचा'.

तीन थर, तीन तोंडे

मराठीत राखणदाराची नावे तीन वेगळ्या थरांतून येतात: गावचा थर, दरबारी थर आणि पोथीतला थर. बहुतेक फसलेली नावे हे थर एकाच शब्दात कालवल्याने फसतात. उलट एकाच पात्राला तिन्ही थरांतले एकेक नाव दिले आणि ते वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी घातले, तर पात्र आपोआप भरीव होते. गाव त्याला एका नावाने ओळखते, दफ्तरात दुसरे लिहिलेले असते, आणि पुजारी तिसरे म्हणतो. फँटसीतला राखणदार नावारूपाला येतो तो या तीन नावांमधल्या अंतरातून. एकच भारदस्त नाव शोधत बसणाऱ्या लेखकाच्या हातून नेमके हे अंतर निसटते.

गावच्या थराची खूण म्हणजे शेवटी येणारे 'बा' आणि 'आई'. म्हसोबा, वाघोबा, नागोबा, वेतोबा. काळकाई, जाखाई, यमाई, रायगडावरची शिरकाई. यांचे मूळ अंग छोटे असते, दोन अक्षरांचे, फार तर तीन. ते जमिनीतून, प्राण्यातून, रंगातून किंवा भयातून आलेले असते. घडवायची रीत सोपी: मूळ शब्दाचा शेवटचा स्वर काढायचा आणि 'ओबा' किंवा 'आई' जोडायचे. कडा, कडोबा. डोह, डोहाई. धुके, धुकाई. मात्र 'ओबा' हलक्या शब्दाला लागला की लगेच लाडिक होतो. मराठीत 'लाडोबा' आणि 'पोटोबा' आधीच बसलेले आहेत, त्यामुळे 'धुकोबा' म्हटले की वाचकाला हसू येते आणि 'धुकाई' म्हटले की येत नाही. पुरुष राखणदाराला 'ओबा' द्यायचा असेल तर मूळ शब्दात वजन किंवा भीती हवी: कडा, वाघ, काळ, दगड.

दरबारी थरात 'दार', 'करी', 'नाईक', 'नीस' आणि शब्दाच्या आधी लागणारे 'सर' येतात. यांचे अर्थ वेगळे आहेत आणि ते पाळले पाहिजेत. 'दार' म्हणजे ज्याच्या ताब्यात ती गोष्ट आहे: किल्लेदार, ठाणेदार. 'करी' म्हणजे जो ते काम रोज अंगावर घेतो: पहारेकरी, सेवेकरी, वारकरी. म्हणून शंभर वर्षे एका जागी उभा असलेला, कष्टाने झिजलेला रक्षक 'करी' शोभतो. किल्ल्या कंबरेला लावून हुकूम सोडणारा 'दार'. 'नीस' लिहिणाऱ्याचा: चिटणीस, फडणीस, सबनीस. शपथांची नोंद ठेवणारी आणि मोडलेली शपथ वहीतून पुसू न देणारी रक्षक असेल तर तिला 'शपथनीस' म्हणता येईल. 'सर' सर्वांत वरचा: सरनोबत, सरखेल, सरलष्कर.

अनेक रक्षकांची उतरंड लागत असेल तर ती कल्पनेने रचण्याआधी शिवकाळातली पाहावी. पायदळात पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि सगळ्यांवर सरनोबत. किल्ल्यावर एकाच माणसाच्या हाती सगळे नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकमेकांवर नजर ठेवून असत, आणि मोठ्या किल्ल्याच्या तटाची जबाबदारी तटसरनोबतांवर वाटलेली असे. कथेसाठी ही व्यवस्था सोन्याची आहे. तीन रक्षक, तिघांचे हुद्दे वेगळे, आणि तिघांच्या संमतीशिवाय दरवाजा उघडत नाही. हुद्द्यांची नावे उचलू नका, हा तिढा उचला.

पोथीतल्या थरात संस्कृत प्रत्यय येतात. 'पाल' सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या शेजारी कितीतरी पडून आहेत. 'गोप्ता' म्हणजे राखणारा. 'घ्न' म्हणजे नाश करणारा, जसा शत्रुघ्न. 'तमोघ्न' हा अंधार मारणारा. 'वर्म' म्हणजे चिलखत. 'त्र' म्हणजे ज्याने रक्षण होते ते: आतपत्र ही छत्री, तनुत्र हे चिलखत, अंगुलित्र हे धनुर्धराच्या बोटांचे आवरण. 'त्र' लावून केलेली नावे आजच्या कानाला नवी आणि मोजकी वाटतात: 'निशात्र', 'बीजत्र', 'ग्रामत्र'. बियाण्याच्या कोठाराची राखण करणाऱ्याला 'बीजत्र' म्हटले तर वाक्यात समजावून सांगावे लागत नाही.

समास करताना शुद्धलेखनाचा एक नियम सतत चुकतो. मराठीत सुटे लिहिताना अग्नी, भूमी, वायू, सिंधू हे दीर्घ, पण समासात पहिले पद असताना ऱ्हस्व: अग्निपाल, भूमिगोप्ता, वायुवर्मा, सिंधुदुर्ग. मात्र नदी, लक्ष्मी, वधू हे मुळातच दीर्घ, ते दीर्घच राहतात: नदीपाल. तसेच 'तमस्', 'तपस्' यांसारख्या शब्दांचा संधीत ओकार होतो: तमोघ्न, तपोवन. 'तमघ्न' लिहिलेले नाव जाणत्या वाचकाला पहिल्या पानावरच टोचते.

थर का कालवू नयेत? 'अग्निदार' किंवा 'दुर्गदार' मोठ्याने म्हणून पाहा. दोन्ही पदे एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. 'राखणदार' मात्र चालतो, कारण 'राखण' हा घरातला शब्द आहे आणि 'दार' फार पूर्वीपासून घरात आलेला आहे. म्हणजे घरगुती मराठी आणि 'दार' जुळतात, जड संस्कृत आणि 'दार' जुळत नाहीत. 'किल्लेदार' किंवा 'दुर्गपाल', मधले काही नको.

सत्ता बदलली की हुद्द्यांचा थर बदलतो, आणि हे कथेत वापरावे. शिवराज्याभिषेकाच्या काळात, 1674 च्या आसपास, दरबारी फारसी हुद्दे संस्कृत झाले: मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्याच उद्योगातला. पेशव्याला 'मुख्य प्रधान' नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी 'पेशवा' राहिला तो राहिलाच. आपल्या कल्पित राज्यात नवा राजा आला आणि त्याने पुलावरच्या 'उतारदारा'ला 'तीर्थपाल' केले, तर म्हातारे नावाडी काय म्हणत राहतील हे लेखकाला आधीच ठाऊक असायला हवे. कोण कोणते नाव वापरतो यावरून वाचकाला पक्ष कळतो, वेगळे सांगावे लागत नाही.

आजच्या कचेऱ्यांची सावली

मराठीतले रक्षणाचे कितीतरी शब्द आज सरकारी पाटीवर आहेत, आणि हे सर्वांत जास्त विसरले जाते. वनरक्षक, वनपाल आणि वनक्षेत्रपाल ही वनखात्यातली पदे आहेत. राज्यपाल राज्यघटनेत, ग्रंथपाल वाचनालयात, लेखापाल हिशेबात. हवालदार आणि फौजदार म्हटले की पोलीस ठाणे, कोतवाल म्हटले की आत्ताआत्तापर्यंतचा तलाठ्याचा मदतनीस, सुरक्षारक्षक म्हटले की सोसायटीचे फाटक. 'पालक'चे स्त्रीलिंग 'पालिका' केले तर डोळ्यांपुढे कचऱ्याची गाडी येते.

यावर उपाय तीन. पहिला, तोच अर्थ षष्ठीने फोडावा: 'वनपाल' टाकून 'रानाचा धनी'. दुसरा, पहिले पद इतके नेमके करावे की कचेरीला ते सुचणार नाही: 'वनपाल' चालत नाही, 'वटपाल' चालतो. तिसरा, तो शब्द मुद्दाम जुन्या संदर्भात रोवावा, म्हणजे हवालदाराच्या कंबरेला गडाच्या किल्ल्या आणि हाताखाली नाईक दिसले पाहिजेत. तेवढे केले की आजचा गणवेश गळून पडतो. तिसरा उपाय पूर्ण ऐतिहासिक वळणाच्या कथेतच करावा.

स्त्रीलिंगी रूपांतही असेच खड्डे आहेत. 'नाईक'चे स्त्रीलिंग म्हणून 'नायकीण' लिहू नये; त्या शब्दाला गाणे-नाचणे करणाऱ्या स्त्रीचा जुना अर्थ चिकटलेला आहे. 'नायिका' केली तर कादंबरीची नायिका होते. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे हुद्दा तसाच ठेवून लिंग क्रियापदात दाखवायचे: 'सरनोबत आली', 'सरखेल घोड्यावरून उतरली'. एकदा कान सरावला की हे रुबाबदार वाटते. 'राखणदारीण', 'पहारेकरीण' ही रूपे गावच्या तोंडी शोभतात, दरबारात नाहीत.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. वेसकर, जागल्या, रामोशी, बेरड हे शब्द राखणीशी जोडलेले आहेत म्हणून सहज उचलावेसे वाटतात. त्यांच्या मागे जिवंत समाज आहेत, आणि वेसकरीचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जिणेही आले. अशा शब्दाचे 'भूतप्रेतांचा वेसकर' असे सजावटी बिरुद करू नये. कथेला तोच अन्याय मांडायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग तो शब्द पूर्ण वजनासह यावा. तसेच गावोगावी पुजल्या जाणाऱ्या देवाचे नाव खलपात्राला देऊ नये. प्रत्यय त्यांचा घ्यावा, मूळ अंग आपले.

जिभेवर आणि विभक्तीत

कागदावर छान दिसणारे नाव मराठी वाक्यात मोडते ते विभक्तीमुळे. म्हणून प्रत्येक नाव पाच रूपांत लिहून पाहावे: नावाने, नावाला, नावाचा, नावावर, आणि हाक. 'कडोबा' घ्या: कडोबाने, कडोबाला, कडोबाचा, कडोबावर, कडोबाऽ. कुठेच अडत नाही. 'निशात्र' घेतले तर 'निशात्राने' की 'निशात्रने' हे ठरवावे लागते. जुन्या वळणाच्या निवेदनात सामान्यरूप करावे, म्हणजे 'निशात्राने'. आजच्या काळातल्या कथेत न केले तरी चालते, पण 'त्रने' जिभेला जड आहे. ठरवाल ते शेवटच्या पानापर्यंत तेच. एकाच प्रकरणात 'वज्रनाभने' आणि 'वज्रनाभाला' दिसले की नाव परके वाटू लागते.

नावच सामान्यनाम असेल तर गोंधळ वाढतो. पात्राचे नाव 'कडा' ठेवले तर 'कड्याने हात वर केला' म्हणायचे की 'कडाने'? पहिल्यात डोंगर हलतो, दुसरे अशुद्ध वाटते. अशा शब्दाला 'बा', 'आई', 'जी', 'नाथ' असे काही लावून त्याचे विशेषनाम करून टाकावे.

हाकेची कसोटी सर्वांत निर्दय आहे. संकटात गावकरी धावत येऊन राखणदाराचे नाव ओरडणार, हा प्रसंग बहुतेक कथांत येतोच. मराठी हाक शेवटचा स्वर लांबवते, म्हणून आ, ई, ऊ यांनी संपणारी नावे दूरवर पोचतात. 'ष्ट', 'र्ध', 'क्त' यांनी संपणारे नाव ओरडता येत नाही.

ध्वनीचे म्हणाल तर घ, ध, भ, ढ या अक्षरांत वजन आहे; भैरव, घटोत्कच, भीम यांत ते ऐकू येते. पण एका नावात असे एकच अक्षर पुरे. 'घंभीरधूध्र' वाचक डोळ्यांनी ओलांडून जातो. ळ मधे किंवा शेवटी आला की नाव हमखास इथले वाटते. मराठी शब्द ळ किंवा ण यांनी सुरू होत नाही, म्हणून परक्या लोकांतल्या पात्राचे नाव मुद्दाम ण-ने सुरू केले तर ते लगेच बाहेरचे ठरते. नाव दोन ते चार अक्षरांत, बिरुद त्याहून लांब चालते.

संबोधनाचा मानही ठरवा. मराठी भक्त देवाला 'तू' म्हणतो: खंडोबा आला, आई पावली. दरबारी हुद्देदाराला 'आपण' किंवा 'तुम्ही'. म्हणजे गावचे नाव एकवचनात, हुद्दा आदरार्थी बहुवचनात. राजाचा दूत राखणदाराला 'आपण' म्हणतो आणि शेजारची म्हातारी 'अरे, ऊठ की' म्हणते, यात दोघांचेही नाते दिसते.

बिरुद मिळावे लागते

नाव जन्माने किंवा लोकांनी येते, बिरुद कोणीतरी देतो. कुडतोजी गुजर 'प्रतापराव' झाले, हंसाजी मोहिते 'हंबीरराव' झाले, आणि इतिहासाने त्यांना त्या किताबांनीच लक्षात ठेवले. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याला 'सरखेल' चिकटले ते कायमचे. त्यामुळे बिरुदासाठी तीन गोष्टी आधी ठरवा: देणारा कोण, कोणत्या कृत्यासाठी, आणि मूळ नाव आता कोण वापरते. बिरुदाने झाकले गेलेले मूळ नाव फक्त एका माणसाला माहीत असणे, याइतके उपयोगी साधन राखणदाराच्या कथेत दुसरे नाही.

पोथीतल्या लांब बिरुदांसाठी मध्ययुगीन कोरीव लेख पाहावेत. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे उत्तम नगर तगर, त्याचे स्वामी. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. राज्य कोल्हापुराकडे, बिरुदात गाव दूरच्या मूळ नगराचे. देवगिरीचे यादव तसेच 'द्वारावतीपुरवराधीश्वर' होते. ज्याचे नगर बुडाले, पण जो अजून त्याच्या दरवाजाशी उभा आहे, अशा रक्षकाला या साच्यातले बिरुद द्या: 'मग्नद्वारपुरवराधीश्वर'. हरवलेल्या जागेचा मान अजून चालवतो आहे, हे एकाच शब्दात येते. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे 'शरणागतवज्रपंजर' हे बिरुद तर राखणदारांसाठीच केल्यासारखे आहे: शरण आलेल्यांसाठी वज्राचा पिंजरा. त्यातला 'पंजर' आपल्याला घेता येतो: 'बालपंजर', 'पांथपंजर'. पिंजरा राखतो आणि कोंडतोही, म्हणून चांगल्या रक्षकाची पुढे जाचक सत्ता होणार असेल तर हे पद पहिल्या प्रकरणापासून पेरून ठेवावे.

लांब बिरुदावली करायची तर तीन, फार तर चार पदे: आधी मूळ जागा, मग कृत्य, मग कोणाला आसरा देतो ते, आणि शेवटी नाव. नाव आधी सांगून टाकले की पुढची पदे लोंबकळतात. पूर्ण बिरुदावली कथेत दोन-तीनदाच यावी, तीही भालदार-चोपदार, पुजारी किंवा शपथ घेणारा यांच्या तोंडून. निवेदकाने ती स्वतः म्हणू नये.

एक पूर्ण उदाहरण

खाडीकाठच्या खारबांधाची राखणदारीण घेऊ. करार असा: भातखाचरांभोवतीचा मातीचा बांध राखायचा, उत्तरेच्या उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेपासून, दक्षिणेच्या टोकापर्यंत. धोका पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा आणि बांध पोखरणाऱ्या खेकड्यांचा. हुकूम गावाचा. मोबदला म्हणजे पहिल्या भाताची एक मूठ उघाडीत सोडायची. बांधाला खांड पडली तर ती वर्षभर मुकी.

हातात आलेले शब्द: बांध, उघाडी, खांड, उधाण, खार, चिखल, तिवर. 'खांडाई' करून पाहिले तर वाचकाला खंडोबाची चुकलेली छपाई वाटते, रद्द. 'बांधाई' स्वच्छ आहे, पण कामाच्या पाटीपलीकडे जात नाही. 'उधाणाई' चांगले वाटते, तरी त्यात ती स्वतःच उधाण आणणारी ठरते. तिवराची मुळे खाडीतला चिखल धरून ठेवतात, म्हणून 'तिवराई'. तिवराईने, तिवराईला, तिवराईची, तिवराईऽ. सगळी रूपे सुरळीत. एक अडचण राहते: आमराईसारखे ते झाडीचे नावही वाटू शकते. म्हणून पहिल्यांदा नाव येईल तेव्हा ते माणसाच्या क्रियेसह यावे, 'तिवराई आज बोलली नाही' असे. एकदा ती बोलणारी ठरली की झाडीचा अर्थ मागे सावलीसारखा राहतो आणि फायद्याचा होतो.

दरबारी हुद्दा 'उघाडीदार'. पोथीतले बिरुद 'सिंधुरोधिनी', सिंधु ऱ्हस्व. आणि चौथे नाव शत्रूचे, जे लेखक हमखास विसरतात. पाण्यातले लोक तिला देवी म्हणणार नाहीत. त्यांच्या वाटेत ती पसरलेली आहे, म्हणून ते तिला 'आडवी' म्हणतात. आता एका प्रसंगात चारही नावे येऊ शकतात:

उधाणाच्या रात्री म्हातारी बांधावर बसून म्हणाली, "तिवराई, ऊठ गं." वाड्याच्या कारकुनाने वहीत ओढले: उघाडीदार हजर. देवळातून पुजाऱ्याचा सूर आला, जय सिंधुरोधिनी. आणि खालून, पाण्यातून, कोणीतरी विचारले, "आडवी झोपली का?"

जोड्या आणि आठजण

दोन रक्षक एकत्र असतील तर जय-विजय, चंड-प्रचंड हा साचा आहे: दुसऱ्या नावात पहिले पूर्ण बसलेले. नगारखान्याच्या दरवाजावर 'नाद' आणि 'निनाद' शोभतील. उपसर्गाने अर्थ पालटतो याकडे लक्ष हवे; 'रोध'चा जोडीदार 'अनुरोध' केला तर तो अडवणारा न राहता अनुसरणारा होतो. अशी जोडी दोन-चार प्रसंगांपुरतीच ठेवावी. पानोपानी वावरणारी दोन पात्रे असतील तर वाचक त्यांच्यात घोटाळा करणारच. तिथे पहिले अक्षर आणि लांबी दोन्ही वेगळी हवीत.

आठ दिशांचे आठ रक्षक असतील तर आठांना एकच प्रत्यय लावायचा मोह आवरा. अष्टदिग्गजांची नावे पाहा: ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. पृथ्वीचा भार पेलणारे हत्ती, आणि त्यांत एक पांढरे कमळ आहे, एक बुटका, एक काजळ, एक फुलासारख्या दातांचा. सामर्थ्य एकाच्याही नावात ओरडत नाही. सामूहिक नाव एक, 'दिग्गज', आणि व्यक्ती आठ निराळ्या. हीच विभागणी ठेवावी.

नाव न घेणे

काही राखणदारांना नाव असते, पण ते घेतले जात नाही. कोकणात सापाला रात्री 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात, घराण्याच्या जागेतल्या नागाला नुसता 'राखणदार'. देवीचा रोग 'देवी' झाला तोही याच धाकातून. फार भीतीदायक रक्षकासाठी हे तंत्र वापरावे: 'थोरला', 'वरचा', 'पांढरीचा', 'तिकडचा'. असे टाळून बोललेले नाव निवडताना ते रोजचे, साधे असावे, म्हणजे घरात कोणी सहज 'थोरला आला' म्हटले आणि सगळे गप्प झाले तर वाचकही गप्प होतो. खरे नाव उच्चारायचा प्रसंग एकच ठेवा, आणि ते नाव तोपर्यंत संवादात, निवेदनात, प्रकरणाच्या शीर्षकात कुठेही छापलेले नाही याची खात्री करा.

नावे ठरली की वहीत प्रत्येक पात्राची एक ओळ आखावी: गावचे नाव, हुद्दा, बिरुद, शत्रूचे नाव, खरे नाव, त्यापुढे कोण कोणते वापरतो, तू की आपण, आणि सामान्यरूप कोणते. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर संगणकावर प्रत्येक नावाचा शोध घेऊन ही ओळ ताडून पाहावी. कारकुनाच्या तोंडी 'तिवराई' आले असेल, तर ती एक तर चूक आहे, नाहीतर त्या प्रसंगात कारकुनाचा पक्ष बदलला आहे. यांतले कोणते, हे तपासूनच पुढे जावे.